मनाची निगा आणि नात्यांचा धम्म

आपल्या समाजाच्या गेल्या शंभर वर्षांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास वसतिगृहांचा इतिहास वगळून तो पूर्ण होणार नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. खेड्यातील मुलाला राहण्यास जागा, दोन वेळचे अन्न आणि अभ्यासास दिवा मिळाला, तर तो कोणाच्याही मागे राहणार नाही, हा विश्वास त्यामागे होता. तो विश्वास खरा ठरला. आज आपल्या घरांतून शिक्षक, अभियंते, परिचारिका, अधिकारी, वकील घडत आहेत. स्मरणिकेच्या पानांवर त्यांची नावे अभिमानाने छापली जातात आणि तसे होणे योग्यच आहे.

परंतु या वाटचालीचा एक हिशेब आपण फारसा मांडलेला नाही. शिकताना, झगडताना, नोकरीसाठी गाव सोडताना मनावर जे ओझे येते, त्याचे काय झाले? ज्या घरात पहिला पदवीधर झाला, त्या घरात बाप आणि मुलगा एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात काय? नोकरी करून घरी परतलेल्या सुनेच्या थकव्याची विचारपूस कोण करतो? मनाचे आरोग्य हा विषय आपल्या सभांतून क्वचितच निघतो. हा सुखवस्तूंचा विषय आहे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. आमच्या मते हा विषय धम्माच्या गाभ्यातला आहे.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्म आणि रूढ अर्थाचा धर्म यांतील भेद स्पष्ट केला आहे. धर्म ही व्यक्तीची खाजगी बाब मानली जाते. धम्म मात्र सामाजिक आहे. धम्म म्हणजे जीवनाच्या सर्व क्षेत्रांत माणसा-माणसांतील योग्य संबंध, अशी त्यांची मांडणी आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज भासणार नाही. दोन माणसे एकत्र आली की त्याखेरीज चालणार नाही, असे ते म्हणतात. ही मांडणी मान्य केली, तर घरातील नात्यांची निगा राखणे हे धम्माचरणच ठरते. विहारात वंदना घ्यावयाची आणि घरी आल्यावर पत्नीशी आठवडाभर अबोला धरावयाचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

खंबीर माणसालाही दुःख होते

आपल्या मुलांना आपण ‘वाघाचे बच्चे’ म्हणतो. त्यामागील प्रेम खरे असते. पण वाघाने रडावयाचे नसते, असाही अर्थ मूल त्यातून काढते. येथे बाबासाहेबांच्याच चरित्रातील दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

विलायतेतून शिकून आल्यावर बडोदे संस्थानच्या सेवेत असताना त्यांना जातीमुळे पारशी निवासातून बाहेर काढण्यात आले. लाठ्या घेऊन आलेल्या त्या जमावाचा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितला आहे. अठरा वर्षे लोटल्यावरही तो आठवला की डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, असे त्यांनी तेथे लिहून ठेवले. अपमानाची जखम शरीरावर दिसत नाही. पण ती इतकी वर्षे टिकते, याची ही साक्ष आहे.

दुसरी गोष्ट १९२६ सालची. राजरत्न हा लाडका मुलगा गेल्यानंतर बाबासाहेबांनी कोल्हापूरचे आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले आणि त्यात पुत्रशोकाने आपण व रमाई किती खचलो आहोत, हे मोकळेपणाने कळविले. त्याआधीही त्यांची मुले दगावली होती. महाडचा सत्याग्रह पुढच्याच वर्षी व्हावयाचा होता. चळवळीचा एवढा भार वाहणाऱ्या माणसाने आपले दुःख मित्राला सांगण्यात कमीपणा मानला नाही. मग आपण आपल्या मुलांना ‘रडू नकोस, पुरुषासारखा वाग’ असे कोणत्या आधारावर सांगतो?

किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मृत बालकाला कवटाळून औषध मागत फिरणाऱ्या त्या मातेला भगवान बुद्धांनी, ज्या घरात कोणीही मेलेले नाही अशा घरातून मोहऱ्या आणावयास सांगितले. मृत्यू अटळ आहे, हा बोध आपण त्यातून घेतो. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बुद्धांनी तिला केवळ उपदेश करून परत पाठविले नाही; तिला दारोदार, माणसांकडे पाठविले. प्रत्येक उंबऱ्यावर तिने आपले दुःख सांगितले आणि समोरच्याचे ऐकले. दुःखात एकटे न राहणे, हाच उपचाराचा आरंभ असतो.

सहा दिशांची शिकवण

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थजीवनाचे मार्गदर्शन म्हणून ओळखले जाते. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. बुद्धांनी त्याला दिशांचा नवा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. दिशांना नमस्कार करणे म्हणजे ही नाती नीट सांभाळणे.

या सुत्ताचे वैशिष्ट्य असे की, त्यात कोणतेही नाते एकतर्फी नाही. मुलाची आईवडिलांप्रती कर्तव्ये आहेत, तशीच आईवडिलांची मुलाप्रतीही आहेत. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्याकडे सोपवावा, असे सांगितले आहे. मालकाने कामकऱ्याला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी आणि वेळेवर सुटी द्यावी, असेही आहे. आचार्याने शिष्याला उत्तम शिकवावे, एवढेच सांगून सुत्त थांबत नाही. त्याने शिष्याचे सर्व बाजूंनी रक्षण करावे, असे सांगते. निवासी विद्यालयातील शिक्षक व गृहपती यांनी हे कलम आपल्या खोलीत लिहून लावावे, इतके ते मोलाचे आहे.

आता ही शिकवण आपल्या रोजच्या व्यवहारात कशी उतरावी, ते पाहू.

मूल वसतिगृहात असते तेव्हा

नव्याने दाखल झालेले मूल पहिले काही दिवस दिवेलागणीच्या वेळी गप्प होते. दिवसा शाळेत ते रमते. संध्याकाळी पोट दुखते, डोके दुखते म्हणते. दिवाळीच्या सुटीनंतर जुन्या मुलांचेही असेच होते. हे ढोंग नसते. लहान मुलाला ‘मला घरची आठवण येते’ हे शब्दांत मांडता येत नाही, म्हणून त्याचे शरीर ते सांगते. अशा वेळी ‘नाटके करू नकोस’ म्हणण्यापेक्षा त्याला जवळ बसवून गावाविषयी, भावंडांविषयी, शेळीच्या करडाविषयी विचारावे. बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. जे सावरत नाही, त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्यामागे एखाद्या मोठ्या मुलाचा त्रास किंवा कोणाचे गैरवर्तन असू शकते.

पालकांचाही यात वाटा आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या आईवडिलांना भेटीच्या दिवशी येणे शक्य नसते, हे आम्ही जाणतो. पण कारखान्याच्या तळावरून केलेला पाच मिनिटांचा फोनही पुरेसा असतो, जर तो ठरल्या दिवशी आला तर. मुलासाठी फोनची लांबी महत्त्वाची नसते, त्याची खात्री महत्त्वाची असते. त्या पाच मिनिटांत ‘किती मार्क पडले?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘जेवलास का? कोणाशी गट्टी जमली? कशाची भीती वाटते का?’ हे आधी विचारावे. ज्या मुलाला खात्री असते की नापास झालो तरी घराचे दार उघडेच आहे, ते मूल परीक्षेला अधिक निर्भयपणे सामोरे जाते.

रोजची निगा

संयुत्तनिकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. माणसाला एक बाण लागतो. ती शरीराची वेदना. त्यावर तो शोक करतो, चिडतो, कुढतो. हा मनाला लागलेला दुसरा बाण. पहिला बाण पुष्कळदा आपल्या हाती नसतो. दुसऱ्याचे दुःख मात्र सरावाने कमी करता येते. मुलाला कमी गुण मिळाले, हा पहिला बाण. ‘माझ्या कष्टाची माती केलीस’ हे वाक्य दुसरा. या दुसऱ्या बाणाने बापही घायाळ होतो आणि मुलगाही.

दररोज काही मिनिटे श्वासावर लक्ष ठेवण्याचा आनापानाचा सराव येथे उपयोगी पडतो. राग उसळण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय त्यातून लागते. त्याच्या जोडीला पुरेशी झोप, थोडे चालणे-खेळणे आणि दिवसातून एक जेवण सर्वांनी मोबाईल व दूरदर्शन बाजूला ठेवून एकत्र घेणे, एवढे तरी प्रत्येक घराला जमावे. ज्यांच्याशी भांडण झाले त्यांच्याशी बोलताना ‘तू नेहमीच असा’ या शब्दांऐवजी ‘मला या गोष्टीचे वाईट वाटले’ असे म्हणावे. वाक्य लहान आहे; पण पहिल्याने समोरचा आरोपी होतो, दुसऱ्याने सोबती राहतो.

दारूविषयी वेगळे लिहावयास नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मनाचा ताण घालविण्यासाठी घेतलेली दारू झोप बिघडविते, उदासी वाढविते आणि घरातील भीतीचे मूळ होते. मात्र व्यसन जडलेल्या माणसाला केवळ धिक्काराने सोडविता येत नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आजार ओळखावा, लपवू नये

उदास वाटणे हे माणूसपणाचे लक्षण आहे. प्रत्येक उदासी म्हणजे आजार नव्हे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न राहिले, आवडत्या गोष्टींतील रस गेला, झोप व भूक बदलली, अकारण थकवा वाटू लागला, माणसांत मिसळणे थांबले, तर डॉक्टरांचा सल्ला घेतला पाहिजे. कोणी ‘मी नसलेलाच बरा’ असे बोलू लागला, तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नये. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलावयास वाट मिळते. अशा माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही मानसिक आजाराच्या वेळी गुपचूप भगताकडे किंवा दर्ग्यावर नेण्याचे प्रकार घडतात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याचप्रमाणे केवळ ध्यानाने सर्व बरे होईल, हीसुद्धा एक प्रकारची अंधश्रद्धाच होय. विपश्यना शिबिराच्या प्रवेश-अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारली जाते, ती याच कारणाने. नैराश्यावरील औषधांचा गुण यावयास काही आठवडे लागतात. ‘फरक पडत नाही’ किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

उपचाराचा हक्क आता कायद्याने मिळालेला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे प्रत्येकास शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा अधिकार आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस ते विनामूल्य मिळावेत, अशी तरतूद आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिला शिक्षा न करता तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो. जिल्हा रुग्णालयात प्रथम चौकशी करावी. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक पालकाने व माजी विद्यार्थ्याने आपल्या मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावा.

माजी विद्यार्थ्यांस एक विनंती

येथून दहावी होऊन पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी अनेकदा आपल्या घरातला तेथे पोहोचणारा पहिलाच असतो. इंग्रजीची धास्ती, खर्चाची ओढाताण, आडनाव विचारल्यानंतर बदलणारी नजर, शिष्यवृत्तीला होणारा उशीर, हे सर्व तो एकट्याने सोसतो. घरी सांगावे तर आईवडिलांना काळजी लागेल, म्हणून ‘सगळे छान आहे’ म्हणतो. त्याला समजून घेऊ शकेल असा माणूस म्हणजे त्याच वाटेने चार वर्षे आधी गेलेला तुम्ही.

कल्याणमित्रता हा अर्धा ब्रह्मचर्यमार्ग आहे, असे आनंद म्हणाले, तेव्हा अर्धा नव्हे, तो संपूर्ण मार्ग आहे, असे बुद्धांनी सांगितल्याचे त्रिपिटकात आहे. म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक माजी विद्यार्थ्याने विद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एकाचे नाव कार्यालयातून घ्यावे आणि वर्षभर, पंधरा दिवसांतून एकदा, त्याला फोन करावा. देणगी जमेल तेव्हा द्यावी. हा फोन मात्र चुकवू नये. सोलापूरच्या त्या वसतिगृहाने शंभर वर्षांपूर्वी मुलांच्या हाती दिवा दिला. त्या दिव्याखाली बसलेल्या मुलाशी कोणी बोलावयास आहे की नाही, हे पाहण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!