चौदाशे मैलांची सोबत

मे महिना सरत आला की अमेरिकेच्या महामार्गांवर एका विशिष्ट प्रकारची गाडी सहज ओळखू येते. मागच्या आसनावर उशी, पांघरूण, पावसाळी बूट. पुढे आईवडिलांपैकी एक जण आणि महाविद्यालयात शिकणारे मूल. उन्हाळ्यात तेथील राष्ट्रीय उद्यानांना हंगामी कामगार लागतात आणि त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा असतो.

शिकागोच्या उपनगरात स्थायिक झालेल्या, मूळच्या सांगलीकडील एका जैन कुटुंबातील बापलेक अशाच एका गाडीतून निघाले. वीस वर्षांच्या मुलीला यलोस्टोन उद्यानात, सरोवराकाठी १८९१ पासून उभ्या असलेल्या हॉटेलात तीन महिन्यांचे काम मिळाले होते. काम खोल्या आवरण्याचे: चादरी बदलायच्या, स्नानगृहे घासायची. राहण्याजेवणाचे पैसे पगारातून वळते होणार होते. सांगलीला मात्र वडिलांनी एवढेच कळवले होते की, नात राष्ट्रीय उद्यानात कामाला जाते आहे. वनखात्यात काहीतरी असावे, अशी आजीने समजूत करून घेतली आणि ती त्यांनी दुरुस्त केली नाही. धुण्याभांड्यांना बाई असणे ही आपल्याकडे प्रतिष्ठेची खूण. तेच काम लेक पगार घेऊन करणार, हे सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

शिकागोहून यलोस्टोन सुमारे १,४०० मैल, म्हणजे सव्वादोन हजार किलोमीटर. बराचसा रस्ता बोस्टन ते सिॲटल जाणाऱ्या नव्वद क्रमांकाच्या महामार्गाचा. पहिल्या दिवशी मिसिसिपी मागे पडली. मिनेसोटाची सपाट शेते संपता संपत नव्हती. बोलणे बेताचेच झाले.

साउथ डकोटात मुलीने गाडी हाती घेतली. तेथे वेगमर्यादा ताशी ८० मैलांची. शेजारी बसलेल्या वडिलांचा उजवा पाय दर वळणावर नसलेला ब्रेक दाबत होता. "पप्पा, तुमच्या बाजूला ब्रेक नाही," असे तिने दोनदा सांगून पाहिले.

चेंबरलेनजवळ, मिझुरी नदीच्या वरच्या टेकडीवर, ५० फूट उंचीचा एका स्त्रीचा पुतळा आहे. लाकोटा आणि डकोटा लोकांच्या सन्मानार्थ तो २०१६ मध्ये उभारला गेला. तिने दोन्ही हातांनी ताऱ्याची नक्षी असलेली वाकळ पाठीमागे पसरून धरली आहे. मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "यासुद्धा अंथरुणच घालताहेत." वडील हसले खरे, पण मनापासून नव्हे.

नदीपलीकडे काही अंतरावर घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्यांना हा फुकटचा तास सोयीचाच. बॅडलँड्सच्या भेगाळलेल्या कड्यांसमोर बसून दोघांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वॉल गावच्या औषधांच्या दुकानाच्या पाट्या त्याआधी कितीतरी मैल सोबत करीत होत्या. मंदीच्या काळात, १९३६ मध्ये, वाटसरूंना फुकट बर्फाचे पाणी देऊ करून त्या दुकानाने नाव कमावले. पाणी अजूनही फुकट मिळते.

तिसऱ्या दिवशी सकाळी, रॅपिड सिटीच्या मोटेलमध्ये, वडील अंघोळ करून बाहेर आले तेव्हा मुलगी पलंग आवरत होती. सराव म्हणून. चादरीचा कोपरा तिरका दुमडून गादीखाली खोचायचा होता आणि तो पुन्हा पुन्हा सुटत होता. वडील थोडा वेळ उभे राहिले. मग पलंगावर बसून त्यांनी एक गोष्ट सांगितली. विद्यार्थी म्हणून आले, तेव्हा दोन वर्षे ते विद्यापीठाच्या भोजनगृहात ताटे धूत असत. आठवड्याला वीस तास. परदेशी विद्यार्थ्याला सत्रात तेवढीच परवानगी. घरी पत्रात मात्र ते 'ग्रंथालयात काम आहे' असे लिहीत.

"आजीला अजून माहीत नाही?"

"नाही."

मुलीने पुढे काही विचारले नाही. कोपरा मात्र तिने तिसऱ्यांदा खोचला.

बफेलो गावानंतर महामार्ग सुटतो आणि वाट बिगहॉर्न पर्वतात शिरते. साडेनऊ हजार फुटांवरच्या खिंडीत कडेला अजून बर्फ साचलेले होते. येथे मुलगीच चालवत होती. वडिलांचा पाय स्वस्थ होता. सायंकाळी सरोवर दिसले, काही भागांत गोठलेले. कर्मचारी निवासात तिच्या वाट्याला अर्धी खोली आली. वडिलांनी दोनदा तिची पेटी उचलून पुन्हा खाली ठेवली. बायसनपासून पंचवीस यार्ड आणि अस्वलापासून शंभर यार्ड दूर राहायचे, हा नियम त्यांनी तिलाच वाचून दाखवला. तो तिला पाठ होता.

उद्यानात बहुतेक ठिकाणी फोनला संपर्क मिळत नाही. अंधार पडता पडता ते एकटेच कोडी गावी परतले, तेव्हा सांगलीला सकाळ झाली होती. त्यांनी आईला फोन लावला आणि नात काय काम करणार ते स्पष्ट सांगितले. पाठोपाठ ताटांचेही सांगून टाकले.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग आई म्हणाली, "चादरीचे कोपरे नीट खोचायला सांग तिला. तुला काय ते कधी जमलं नाही."