खड्याच्या अलीकडे

दस्तुरी नाक्यावरून माथेरानच्या बाजारपेठेकडे निघालं की अडीच-तीन किलोमीटरची लाल वाट लागते. मोटारींना बंदी, त्यामुळे माझी भिस्त पायांवर. आठ वर्षांपूर्वी या वाटेवर मी तीनदा बसून उजवा बूट झटकला. खडा पडला नाही. चौथ्यांदा मोजाही काढला. तळवा स्वच्छ होता. पाय टेकला की मात्र तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मुळाशी खडा हजर आणि तिथून बोटांच्या टोकांपर्यंत चटका. त्या नसलेल्या खड्यापायी मी पायाचा अभ्यास करू लागले, तो अजून चालू आहे.

या दुखण्याला मॉर्टनचा न्यूरोमा म्हणतात. १८४५ मध्ये लंडनच्या लुईस डर्लाकर यांनी आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन यांनी त्याचं वर्णन केलं. नाव मॉर्टन यांचं राहिलं. ही कर्करोगाची गाठ नव्हे. पंजातल्या लांब हाडांच्या टोकांमधून जाणारी नस सतत दाबली जाते आणि तिच्या भोवतीचं आवरण जाड होतं. बायकांमध्ये प्रमाण जास्त. चिमटणारे बूट आणि उंच टाचा त्रास वाढवतात. डॉक्टर पंजा दोन्ही बाजूंनी दाबून पाहतात, गरज पडल्यास सोनोग्राफी करतात. ओळख एवढी पुरे, कारण माझा जीव अडकलाय तो बुटात घालायच्या इन्सोलवरच्या एका छोट्याशा उंचवट्यात.

माझा पहिला इन्सोल शहरातून मापाने करून आणलेला होता. त्यावरचा मऊ उंचवटा नेमका दुखऱ्या जागेखाली होता. दुखतं तिथे मऊ घालावं, हे कुणालाही पटेल. पण कर्जत स्टेशनचा जिना चढेपर्यंत पाय पेटला. उंचवट्याने नस खालून आणखी दाबली होती. तो दुखण्याखाली नव्हे, दुखण्याच्या अलीकडे, टाचेच्या बाजूला हवा, हे मला दुसऱ्या कारागिराने शिकवलं.

आमच्या भातशेतीच्या भागात हे चटकन समजतं. खाचरात पाणी साचतं तिथे बांध घालून काय उपयोग? ते येतं त्या वाटेवर, वरच्या अंगाला घालावा लागतो. पाऊल टाकताना वजनही असंच टाचेकडून पंजाकडे येतं. हाडांच्या टोकांच्या जरा मागे उंचवटा आला, की हाडं तिथे उचलली जातात, टोकांवरचा भार हलका होतो, ती किंचित फाकतात आणि मधल्या नसेला जागा मिळते. जाड झालेलं आवरण त्याने वितळत नाही. रोजचा चिमटा तेवढा सुटतो.

उंचवट्याची जागा शोधायची त्या कारागिराची रीत मला फार आवडते. दुखऱ्या बिंदूवर लिपस्टिकचा ठिपका देऊन इन्सोलवर उभं करायचं. मी घरी आईच्या करंड्यातलं कुंकू ओलं करून लावते. इन्सोलवर लाल खूण उमटते आणि उंचवट्याची पुढची कड त्या खुणेच्या लगेच मागे बसवायची. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो, म्हणून पहिल्याच दिवशी पक्कं चिकटवू नये. आधी साधं तयार पॅड लावून पाहावं. त्याने आराम वाटला तर मापाच्या इन्सोलवर खर्च करावा. अशा इन्सोलसाठी मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. कर्जत लोकलने दादर, तिथून महालक्ष्मी. ती वारी मला कधी लांब वाटली नाही.

पण चप्पल अरुंद असेल तर सगळं वाया. माथेरानच्या बाजारात चामड्याच्या चपला करणाऱ्या एका काकांनी मला बसून माप देऊ दिलं नाही. "ताई, उभ्या राहा. पाय पसरू द्या, मग माप," म्हणाले. भार आला की पाय रुंदावतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. बेल्जियमच्या संशोधकांनी भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांचे पाय मोजले, तेव्हा तेही रुंद निघाले. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मला लगेच खालापूरची मावशी आठवली. आवणाच्या चिखलात तिची बोटं पंख्यासारखी फाकतात, तिथे काही दुखत नाही. दुखतं ते लग्नाच्या सँडलमध्ये.

एक इशारा कळकळीने देते. दोन्ही तळवे जळत असतील, बधिर असतील, मधुमेह असेल, तर आधी डॉक्टर. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की वेदना कळत नाही म्हणूनच पायाला जखमा होतात आणि चिघळतात. अशा पायाखाली चुकलेला उंचवटा जखम करेल आणि कळणारही नाही. माझा पाय ओरडत होता, म्हणून मी चूक सुधारू शकले.

इन्सोलने सगळ्यांनाच बरं वाटतं असं नाही. काहींना इंजेक्शन, क्वचित शस्त्रक्रिया लागते. पण मला लागली नाही. यंदा मावशीच्या पायावर मीच कुंकवाचा ठिपका दिला. ती रुंद सँडलमध्ये उभी राहिली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकली आणि सवयीने सँडल झटकायला हात नेला. मग तशीच उभी राहून म्हणाली, "अगो, खडा गेला वाटतं."