ज्वारीची मुळे आणि युरियाची गोणी

युरियाची गोणी 45 किलोची. त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे जेमतेम 21 किलो. पिकाला मात्र पुष्कळदा त्यातले निम्मेही लागत नाही. दोन-तीन एकर कोरडवाहूवर उसनवारी करून खत आणणाऱ्या घरांनी बाकीचे जाते कुठे, हे विचारलेच पाहिजे. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

मातीत पडलेल्या युरियाचे आधी अमोनियम होते. ते मातीच्या कणांना धरून राहते. पण मातीतले काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट मातीला चिकटत नाही. पिकाने उचलले तेवढे ठीक. उरलेले पावसाबरोबर झिरपते आणि विहिरीच्या, हातपंपाच्या पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नसावे असा आपल्याकडचा दंडक आहे. जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेले वरचे दूध पाजले तर तान्ह्या बाळाचे अंग निळे पडू शकते. शेतात पाणी साचले की दुसरे जंतू त्याच नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड वायू करतात. वजनाला वजन धरले तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट हवा तापवतो, आणि शंभरावर वर्षे टिकतो.

आता ज्वारीकडे पाहा. तिच्या मुळांवरच्या बारीक केसांतून पिवळसर, तेलकट थेंब पाझरतात. त्यातले सोर्गोलिओन हे द्रव्य नायट्रेट करणाऱ्या जंतूंना आवर घालते. जपानच्या जिरकास संस्थेतील जी. व्ही. सुब्बाराव यांनी इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांसोबत यावर काम केले आहे. 2021 साली एका रानगवताचा असाच गुण गव्हात उतरवल्याचे जाहीर झाले, त्याचे मोठे कौतुक झाले. गरिबाची भाकरी म्हणून नाक मुरडले जाते त्या ज्वारीत तो आधीपासून आहे! सगळ्या वाणांत सारखा नाही, हेही खरे.

निंबोळी तेलही हेच काम करते. 2015 पासून देशात बनणाऱ्या सर्व युरियाला त्याचे आवरण सक्तीचे आहे. शेतीचा युरिया कारखान्यांकडे पळवला जाऊ नये, हाही त्यामागे हेतू होता. पण काळ्या, चुनखडीच्या रानात उघड्यावर फेकलेल्या युरियातून अमोनिया उडून जातो, त्याला निंबोळी थांबवू शकत नाही. टोपली काखेत घेऊन खत टाकणाऱ्या बायांना हे कोणी सांगत नाही. युरिया ओलीवर, मातीआड, दोन हप्त्यांत द्यावा. मोठा पाऊस तोंडावर दिसत असेल तर त्या दिवशी गोणी फोडूच नये.