डिस्नेलँडच्या दाराशीं परवडणारी खोली



परगांवीं जावयाचें ठरलें कीं "उतरावयाचें कोठें?" हा प्रश्न आपल्या घरांत सर्वांच्या आधीं निघतो, आणि तें योग्यच आहे. पंढरपुरास देवळाजवळची खोली किती मोलाची असते, हें वारीच्या दिवसांत तेथें गेलेल्यास सांगावयास नको. आज मी ज्या स्थळाविषयीं बोलणार आहें तें तीर्थक्षेत्र नव्हे, करमणुकीचें उद्यान आहे. परंतु नियम तेथेंही तोच. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत ॲनाहाइम नांवाचें शहर आहे आणि त्या शहरांत डिस्नेलँड आहे. मुलगा किंवा मुलगी तिकडे स्थायिक झाली म्हणजे आपल्याकडील आजी-आजोबा भेटीस जातात, आणि नातवंडांचा पहिला हट्ट पुष्कळदां याच उद्यानाचा असतो. तिकिटाचा खर्च मनांत धरलेला असतो. खोलीचा आंकडा ऐकला कीं चेहरा उतरतो. ही खोली महाग कां होत चालली, आणि बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबानें ती कशी शोधावी, या दोन गोष्टी आज क्रमानें पाहूं.

वॉल्ट डिस्ने यांनीं सुमारें १६० एकर संत्र्यांच्या बागा घेऊन त्या जागीं १७ जुलै १९५५ रोजीं हें उद्यान उघडलें. १९५० च्या शिरगणतींत ॲनाहाइमची वस्ती अवघी साडेचौदा हजारांच्या आसपास होती. उद्यान उभारतांना पैशाची इतकी ओढाताण झाली कीं स्वतःचें हॉटेल बांधणें डिस्ने यांस शक्य झालें नाहीं. तें काम त्यांनीं जॅक रॅदर या गृहस्थांस दिलें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत 'डिस्नेलँड हॉटेल' सुरू झालें. नांव डिस्नेचें, मालकी दुसऱ्याची. ती डिस्ने कंपनीच्या हातीं येण्यास १९८८ साल उजाडलें.

भोवतालची जमीनही परक्यांचीच राहिली. उद्यानाच्या पूर्वेस हार्बर बुलवार्ड नांवाचा हमरस्ता आहे. त्याच्या कडेनें बघतां बघतां मोटेलें उभीं राहिलीं. मोटेल म्हणजे मोटारीनें येणाऱ्या प्रवाशाची धर्मशाळाच म्हणा, फक्त पैसे देऊन राहावयाची: बहुधा दोन मजले, मध्यें अंगण, अंगणांत पोहण्याचा एखादा हौद, आणि खोलीच्या दारापुढेंच मोटार उभी करण्याची सोय. दारवान नाहीं, दिवाणखाना नाहीं, म्हणून भाडें कमी. पुढें अमेरिकेंतील असल्या मोटेलांच्या धंद्यांत गुजराती पटेल मंडळींनीं मोठा जम बसविला. त्यामुळें रात्रीं-अपरात्रीं पोहोंचलेल्या आपल्या माणसास खिडकीपलीकडे ओळखीचा चेहरा दिसणें हें आश्चर्य राहिलेलें नाहीं.

दारापुढचा हा धंदा दुसऱ्यांच्या हातीं गेल्याचें शल्य डिस्ने यांस राहिलें. म्हणून फ्लॉरिडांत दुसरें उद्यान योजतांना कंपनीनें निरनिराळ्या नांवांनीं गुपचूप सुमारें २७,००० एकर जमीन घेतली. १९७१ सालीं तें उद्यान उघडलें तेव्हां आंत कंपनीचींच हॉटेलें होतीं. ॲनाहाइममध्यें मात्र तसें होणें नव्हतें. म्हणूनच तेथील समोरच्या मोटेलांतून निघालेला मनुष्य पांच-सात मिनिटांत पायीं उद्यानाच्या दाराशीं पोहोंचतो. हें अंतर कंपनीच्या स्वतःच्या डिस्नेलँड हॉटेलापासूनच्या अंतराहून अधिक नाहीं. महाग तें जवळ असें समीकरण येथें मांडूं नये.

आतां महागाईकडे वळूं. १९९४ सालीं ॲनाहाइमच्या नगरपालिकेनें उद्यानाभोवतालच्या भागासाठीं नवा आराखडा मंजूर केला. रंगीबेरंगी दिव्यांच्या उंच पाट्या गेल्या, ताडांच्या रांगा आल्या, रस्त्यांस एकसारखें रूप आलें. २००१ सालीं डिस्नेचें दुसरें उद्यान आणि त्यास लागून 'ग्रँड कॅलिफोर्नियन' हें भारी हॉटेल उघडलें. परिसर सुंदर झाला. पण सुंदर झालेल्या जमिनीचें मोल वाढतें, आणि वाढत्या मोलाच्या जमिनीवर दोन मजली मोटेल फार दिवस टिकत नाहीं.

यांत नगरपालिकेचाही स्वार्थ आहे, आणि तो साध्या त्रैराशिकानें समजतो. ॲनाहाइममध्यें खोलीच्या भाड्यावर शेंकडा १५ कर आहे. शंभर डॉलरांच्या खोलीमागें नगरपालिकेस १५ डॉलर मिळतात, चारशेंच्या खोलीमागें ६०. रस्ता तोच, पोलीस तोच, पाणी तेंच. मग कोणती खोली नगरपालिकेस गोड वाटेल? या विचारानेंच २०१६ सालीं तीन भारी हॉटेलांच्या योजनांना, त्यांनीं भरावयाच्या या कराचा शेंकडा ७० भाग वीस वर्षेंपर्यंत परत देण्याचें ठरलें. त्यांतील एक योजना खुद्द डिस्ने कंपनीची होती. शहरांत मोठा वाद माजला. लोकांच्या कराचा पैसा श्रीमंतांच्या शय्यागृहांस कां, असें विचारणारे बरेच निघाले. उलट, हॉटेलच झालें नाहीं तर कर तरी कोठून येणार, असें दुसरा पक्ष म्हणे. २०१८ सालीं डिस्ने कंपनीनें आपण होऊन आपला करार रद्द करविला आणि त्या हॉटेलाचा बेतही सोडला. दुसऱ्या एका योजनेचें 'वेस्टिन' हॉटेल मात्र २०२१ सालीं उघडलें. तें 'अ‍ॅनाबेला' नांवाचें जुनें, मध्यम दराचें हॉटेल पाडून त्या जागीं उभें आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं 'जे. डब्ल्यू. मॅरियट' सुरू झालें होतें. २०२४ सालीं उद्यानाच्या विस्ताराची नवी योजना मंजूर झाली. तींत दहा वर्षांत निदान १९० कोटी डॉलर गुंतविण्याचें कंपनीनें कबूल केलें आहे. जमिनीचा भाव यापुढें उतरेल असें मानण्यास जागा नाहीं.

मग स्वस्त खोल्या जातात कोठें? कांहीं पाडल्या जातात, कांहीं नवा रंग लावून दर वाढवितात, आणि उरलेल्यांची मागणी दूरच्या रस्त्यांवर सरकते. या दूरच्या मोटेलांची एक दुसरी बाजू आहे. घराचें भाडें आणि आगाऊ अनामत एकरकमी भरूं न शकणारीं कुटुंबें तेथें आठवड्याच्या भाड्यानें एका खोलींत संसार करतात. २०१० सालीं अलेक्झांड्रा पेलोसी या बाईंनीं या भागांतील मोटेलांत वाढणाऱ्या मुलांवर एक चित्रपट काढला होता. त्यांतलीं मुलें डिस्नेलँडच्याच जिल्ह्यांतलीं आहेत. म्हणून फारच कमी दराची पाटी दिसली तर ती जागा प्रवाशाची आहे कीं कोणाच्या संसाराची, हें पाहावें. आणि संसाराची असेल तर नाक न मुरडतां पुढें जावें. आपल्या सहलीची स्वस्त खोली आणि त्यांचें शेवटचें छप्पर हीं एकाच बाजारांत विकलीं जातात, एवढें ध्यानांत असलें म्हणजे पुरे.

आतां शोधण्याची रीत सांगतों. पहिला नियम असा कीं पाटीवरचा दर म्हणजे खर्च नव्हे. ॲनाहाइममध्यें शेंकडा १५ कर आणि त्याशिवाय उद्यानाच्या भागांत शेंकडा २ ची पट्टी, मिळून १७ होतात. पूर्वी कांहीं हॉटेलें 'रिसॉर्ट फी' नांवाची सक्तीची रक्कम शेवटीं हळूच जोडीत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें १ जुलै २०२४ पासून आणि मध्यवर्ती सरकारच्या नियमानें मे २०२५ पासून अशी सक्तीची रक्कम जाहीर दरांतच दाखवावी लागते. सरकारी कर मात्र वेगळा असूं शकतो. मोटार उभी करण्याचे पैसेही निराळे विचारून घ्यावे.

दुसरा नियम: अंतरासही भाडें असतें. उदाहरण करून पाहूं. आंकडे समजुतीसाठीं घेतलेले आहेत. चौघांचें कुटुंब, तीन रात्री, उद्यानाचे दोन दिवस. चालत जाण्याच्या अंतरावरील खोली २०० डॉलर, न्याहारीसह. तीन रात्रींचे ६००, कर १०२, एकूण ७०२. दूरची खोली १२० डॉलर, न्याहारी नाहीं. तीन रात्रींचे ३६०, कर शेंकडा १५ धरला तर ५४, एकूण ४१४. येथें बहुतेक लोक हिशेब थांबवितात आणि २८८ डॉलर वांचले म्हणून आनंदतात. परंतु भाड्याच्या मोटारीस एका खेपेचे २० डॉलर धरा. दोन दिवसांच्या जाण्या-येण्याचे ८० झाले. दुपारीं मुलें पेंगुळली, आजोबांचे गुडघे बोलूं लागले, म्हणून विश्रांतीस खोलीवर येऊन पुन्हां गेलां तर आणखी ८०. चौघांची न्याहारी माणशीं १२ डॉलरप्रमाणें तीन दिवसांची १४४. बेरीज ७१८. स्वस्त खोली सोळा डॉलरांनीं महाग पडली. हेंच गणित दोन धडधाकट तरुणांचें मांडा: ते दुपारीं परत येत नाहींत आणि पिशवींतल्या फराळावर सकाळ काढतात. त्यांचे ४९४ च होतात. त्यांनीं खुशाल दूर राहावें. खोली स्वस्त कीं महाग हें तिच्या दरावर ठरत नाहीं, तींत राहणाऱ्यांवर ठरतें.

तिसरा नियम दिवसांचा. डिस्नेलँडचें तिकीट २०१६ पासून गर्दीप्रमाणें दर बदलतें, आणि खोलीचा दरही त्याच वाटेनें जातो. शाळांच्या सुट्या, नाताळ आणि शनिवार-रविवार टाळतां आले तर टाळावे. शिवाय उद्यानाच्या दक्षिणेस १९६७ पासून एक प्रचंड संमेलनगृह आहे. तेथें मोठें संमेलन असलें कीं उद्यानांत गर्दी नसतांनाही खोल्या महागतात. तारीख ठरविण्यापूर्वीं त्या संमेलनगृहाची दिनदर्शिका अवश्य पाहावी.

चौथा नियम जागेचा. प्रथम हार्बर बुलवार्डवरील उद्यानासमोरचीं जुनीं मोटेलें पाहावीं. तीं पूर्ण भरलीं असतील तर याच रस्त्यानें दक्षिणेस गार्डन ग्रोव्ह हें वेगळें शहर लागतें. तेथें हॉटेलांची चांगली रांग आहे आणि जिल्ह्याची ४३ क्रमांकाची बस याच रस्त्यावरून धांवते. वायव्येस सुमारें सात मैलांवर ब्युना पार्क आहे. मोटार जवळ असणाऱ्यांनीं तेथें पाहण्यास हरकत नाहीं. दहा-बारा मैलांवरील आर्टिशिया येथें हिंदी दुकानें व शाकाहारी भोजनगृहें आहेत. पण रोज उद्यानास जाण्यासाठीं तें मुक्कामाचें ठिकाण करूं नये.

कांहीं बारीक गोष्टी आपल्या घरांतल्या माणसांसाठीं. जुन्या मोटेलांत लिफ्ट असेलच असें नाहीं, म्हणून वडीलधाऱ्यांसाठीं तळमजल्याची खोली आधींच मागून ठेवावी. एका खोलींत साधारणतः चौघांचीच परवानगी असते. सहा जण असतील तर लपवाछपवी न करतां दोन खोल्यांची किंवा मोठ्या कौटुंबिक खोलीची चौकशी करावी. शीतकपाट आणि अन्न गरम करण्याचें यंत्र आहे कीं नाहीं हें विचारावें. उद्यानांत स्वतःचा फराळ नेण्यास मनाई नाहीं. कांचेची बाटली तेवढी नको. दशम्या आणि चटणीचा डबा तेथेंही आपलें काम चोख बजावतो, आणि वांचलेल्या पैशांत जवळची खोली बसते.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं या उद्यानाच्या दाराशीं साधी खोली राहिली ती कोणाच्या कृपेनें नव्हे. भोवतालची जमीन अनेक लहान मालकांच्या हातीं राहिली आणि साध्या कुटुंबांनीं त्यांच्याकडे मुक्काम केला, म्हणून. पाव शतकांत त्यांतल्या बऱ्याच खोल्या गेल्या. ज्या उरल्या त्या मागणी असेल तोंपर्यंतच उरतील. स्वच्छ, साधी, पायीं पोहोंचण्याजोगी खोली घेणाऱ्यास त्यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. मुलांस रात्रीं उशीचें कापड रेशमी होतें कीं सुती हें आठवत नाहीं. उद्यानांत दिवस कसा गेला तें आठवतें. आणि तो दिवस दमून न जातां पुरता पाहतां यावा, एवढ्याचसाठीं हा सारा हिशेब.