रोमनांनी न आणलेला साप

जर्मनीत वीसबाडेनजवळ श्लांगेनबाड नावाचं छोटं गाव आहे, ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या दगडी बांधांत आणि जुन्या भिंतींत एक लांबलचक, निरुपद्रवी साप राहतो: एस्क्युलेपियन साप. हा मूळचा दक्षिणेचा, इटली-ग्रीसकडचा. मग इतक्या उत्तरेला आला कसा? यावर पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर सांगितलं गेलं. रोमनांनी आणला!

गोष्ट पटण्यासारखी आहे, हे मान्य करायला हवं. ज्याच्यावरून या सापाला नाव मिळालं त्या ग्रीकांच्या आरोग्यदेवाच्या, अ‍ॅस्क्लेपियसच्या, एपिडॉरस इथल्या मंदिराजवळ माणसाळलेले पिवळसर साप असत, असं प्राचीन ग्रीक प्रवासी पॉसेनियसने लिहून ठेवलं आहे. इ.स.पू. २९३ मध्ये रोममध्ये साथ पसरली तेव्हा एपिडॉरसहून देवाचा साप जहाजाने आणला गेला आणि तो टायबर नदीतल्या बेटावर उतरला, अशी रोमनांची दंतकथा. वीसबाडेनला तर रोमनांची स्नानगृहंच होती. म्हणजे रोमन आले, सोबत साप आले, हिशेब जुळला.

पण हिशेब फक्त श्लांगेनबाडपुरताच जुळतो. हाच साप चेक प्रजासत्ताकात ओहर्झे नदीच्या खोऱ्यातही आहे, आणि तो मुलूख रोमन साम्राज्यात कधी नव्हताच. डेन्मार्कमध्ये तर तो १८६३ मध्ये शेवटचा सापडला. तिथे कोणता रोमन सेनापती साप घेऊन गेला होता? खरं कारण हवामानात आहे. हिमयुग संपल्यानंतर काही हजार वर्षं युरोप आजच्यापेक्षा उबदार होता. त्या काळात हा साप उत्तरेकडे पसरत डेन्मार्कपर्यंत पोचला. पुढे गारठा वाढला तसा तो मागे हटला आणि जिथे उतारावर ऊन नीट मिळतं अशा मोजक्या खोऱ्यांत तेवढा उरला. श्लांगेनबाड त्यांपैकीच एक. पुरावा समोर असूनही रोमनांची गोष्ट मागे हटत नाही, कारण गोष्ट म्हणून ती हवामानापेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

दुसरा घोळ वैद्यकाच्या चिन्हाचा, तो आपल्याकडेही रोज दिसतो. अ‍ॅस्क्लेपियसच्या काठीला एकच साप गुंडाळलेला असतो आणि पंख नसतात. दोन साप आणि वर पंख असलेली काठी हर्मिसची, म्हणजे व्यापाराच्या आणि निरोप पोचवण्याच्या देवाची. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये ती स्वीकारली आणि ती जगभर दवाखान्यांच्या पाट्यांवर जाऊन बसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हात मात्र एकच साप आहे.

आता खुद्द साप. दीड मीटरपर्यंत सहज वाढतो, क्वचित दोन मीटरपर्यंत. रंग शेवाळी-तपकिरी, अंग तुकतुकीत, आणि काही खवल्यांच्या कडांना पांढरे बारीक ठिपके, जवळून पाहिले तरच दिसणारे. पोटाकडच्या आडव्या खवल्यांना दोन्ही बाजूंना कंगोरा असतो. तो सालीच्या खाचांत रुतवत साप जवळजवळ सरळ खोडावर चढतो. म्हणून हा जमिनीवरचाच साप, ही समजूतही खोटी. विष अजिबात नाही. उंदीर किंवा पाखराचं पिल्लू धरलं की विळखा घालून मारतो. पकडायला गेलात तर चावेल, रक्तही येईल, पण त्यापलीकडे काही नाही.

पिल्लांच्या मानेवर मात्र पिवळे डाग असतात. त्यामुळे ती पाण्याकाठच्या गवती सापाची पिल्लं वाटतात. हा गवती सापही बिनविषारी आणि आपल्या दिवडाचा लांबचा भाऊबंद. एस्क्युलेपियन मादी साधारण पाच ते अकरा अंडी कुजत्या पाचोळ्यात किंवा शेणखताच्या ढिगात घालते, तिथली ऊब अंडी उबवते. जर्मनीत असे ढीग मुद्दाम रचून दिले जातात.

साप गाईचं दूध पितो, ही समजूत इटलीतही आहे. तिथे हा आरोप एका वेगळ्या, चार पट्ट्यांच्या बिनविषारी सापावर होतो. आपल्याकडे तोच आरोप धामणीवर. सापाचं तोंड चोखण्यासाठी बनलेलंच नाही, आणि आत वळलेले सुईसारखे दात सडाला लागले तर गाय लाथ मारल्याशिवाय राहील का?

माणसांनीच नेलेले एस्क्युलेपियन साप पाहायचे तर वेल्सला जावं. कॉल्विन बे इथल्या प्राणिसंग्रहालयातून काही दशकांपूर्वी निसटलेल्या सापांची वस्ती तिथे अजून टिकून आहे. ते घरांच्या माळ्यांत आणि बागेतल्या खताच्या ढिगांत ऊब शोधतात. ब्रिटनमध्ये परका प्राणी मोकळा सोडणं बेकायदा आहे, आणि तिथे या सापाची गणती उपऱ्यांत होते. तरी हिमयुगांच्या मधल्या उबदार काळांतले त्याचे जीवाश्म इंग्लंडच्या जमिनीत सापडले आहेत.