विचारावे यंत्राला, पडताळावे कागदावर

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला वसलेले चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे वनसंपदेसाठी सर्वश्रुत आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे सुमारे दोन-तृतीयांश क्षेत्र वनाच्छादित आहे. सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर दूर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. अशा मुलखात शासनाचा एखादा नियम, योजनेची अट किंवा अर्जाचा नमुना योग्य वेळी हाती येणे ही साधी बाब नव्हे. एका परिपत्रकासाठी पंचायत समितीपर्यंत खेप घालावी लागे, तो काळ फार जुना नाही.

इंटरनेटमुळे या खेपा कमी झाल्या. कार्यालयातील संगणकावर किंवा हातातील मोबाईलवर शब्द टाकून माहिती शोधण्याची सवय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या अंगवळणी पडली. आता त्यापुढचे साधन आले आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांसाठी खुले झाले आणि पाठोपाठ ‘जेमिनी’, ‘कोपायलट’ यांसारखे संवादी सहायक आले. त्यांना मराठीत सरळ प्रश्न विचारता येतो आणि उत्तरही मराठीत मिळते. म्हणूनच कार्यालयीन कामात शोधयंत्राची जागा या सहायकाने घ्यावी काय, हा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणीही विचारला जाऊ लागला आहे.

दोन साधने, दोन रीती

शोधयंत्र हे ग्रंथालयाच्या सूचीसारखे असते. ते जगभरातील संकेतस्थळांची पाने आधीच वाचून त्यांची सूची तयार ठेवते आणि आपण दिलेल्या शब्दांशी जुळणारी पाने क्रमाने दाखविते. कोणते पान उघडावे, कोणते खरे मानावे, हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. यात वेळ जातो. परंतु कागद कोणाचा व कोणत्या तारखेचा, हे डोळ्यांसमोर राहते.

संवादी सहायकाची रीत निराळी आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या यंत्रणेला प्रचंड मजकूर वाचावयास देऊन भाषेचे वळण शिकविलेले असते. एका शब्दानंतर कोणता शब्द येणे संभवनीय आहे, याचा हिशेब करीत ती वाक्ये रचते. त्यामुळे उत्तर सुसंगत, नम्र व वाचनीय असते. परंतु सुसंगत उत्तर म्हणजे सत्य उत्तर नव्हे. अलीकडे अनेक सहायक स्वतः इंटरनेटवर शोध घेऊन उत्तराखाली दुवे देतात, आणि शोधयंत्रेही पानांच्या यादीवर यंत्राने केलेला सारांश दाखवितात. दोन साधनांमधील सीमारेषा अशी पुसट होत असली, तरी एक भेद कायम आहे. शोधयंत्र कागदापर्यंत नेते. सहायक कागदाविषयी सांगतो. सांगण्याने समज येते, पण कार्यालयीन निर्णयाला आधार कागदाचाच लागतो.

एक प्रश्न, अनेक उत्तरे

वनजिल्ह्यांतील रोजच्या कामातला एक प्रश्न उदाहरणादाखल घेऊ : ‘ग्रामसभेची गणपूर्ती किती?’ प्रश्न लहान आहे, उत्तर मात्र एक नाही. ग्रामपंचायत अधिनियमाखाली होणाऱ्या ग्रामसभेला एक नियम लागू पडतो. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेसाठी राज्याने २०१४ मध्ये केलेल्या पेसा नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. वनहक्काचे दावे ज्या ग्रामसभेपुढे येतात, तिची गणपूर्ती मात्र २००६ च्या वनहक्क अधिनियमाखालील नियमांनी ठरते.

त्यातही काळाचा भेद आहे. २००८ मध्ये केलेल्या मूळ नियमांत दोन-तृतीयांश सदस्यांची उपस्थिती आवश्यक होती. सप्टेंबर २०१२ मधील दुरुस्तीने ती किमान निम्म्यावर आणण्यात आली. हजर सदस्यांपैकी किमान एक-तृतीयांश महिला असाव्यात आणि दाव्यांविषयी ठराव करावयाचा असेल, तर किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी उपस्थित असावेत, असेही त्याच नियमात म्हटले आहे. याच दुरुस्तीने वनहक्क समितीतील अनुसूचित जमातींच्या सदस्यांचे किमान प्रमाण एक-तृतीयांशावरून दोन-तृतीयांश झाले आणि सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासाठी स्वतंत्र नमुना मिळाला.

इंटरनेटवर २००८ चे नियमही आहेत, २०१२ चेही आहेत आणि दोहोंवर लिहिलेल्या मजकुराची तर गणतीच नाही. शोधयंत्र ही सारी पाने समोर मांडते. सहायक त्यांतून एकच उत्तर देतो, आणि ते जुन्या नियमाचे असू शकते. दोन-तृतीयांशाचे उत्तर प्रमाण मानले, तर जमलेली ग्रामसभा विनाकारण तहकूब होईल. तेंदूपाने तोडण्याच्या दिवसांत मजुरी बुडवून आलेल्या माणसांना रित्या हातांनी परतावे लागेल. उलट ग्रामपंचायत अधिनियमाची गणपूर्ती धरून वनहक्काचा ठराव केला, तर पुढे उपविभागीय समितीसमोर त्याच उणिवेवर बोट ठेवले जाऊ शकते. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीचा दावा असा एका वाक्यापायी अडकावा, ही गोष्ट साधी नाही.

नुकसानभरपाईचेही तसेच आहे. ताडोबाच्या परिसरात व ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात. मृताच्या वारसांना द्यावयाची रक्कम शासनाने वेळोवेळी वाढविली आहे. २०२२ मध्ये ती २० लाख रुपये आणि २०२३ मध्ये २५ लाख रुपये करण्यात आली. या रकमेचा काही भाग तत्काळ धनादेशाने व उरलेला मुदतठेवीच्या रूपाने मिळतो. सहायकाने जुना आकडा सांगितला, किंवा आकडा बरोबर सांगून मुदतठेवीची बाब गाळली, तर दुःखात बुडालेल्या कुटुंबाच्या पदरी गैरसमज येतो आणि रोष वनरक्षकाला सोसावा लागतो.

नसलेल्या निवाड्यांचा आधार

जुने उत्तर निदान कधीकाळी खरे असते. कधी कधी सहायक जे कधीच नव्हते तेही ठामपणे सांगतो. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात २०२३ मध्ये वकिलांनी अशाच साधनाने पुरविलेले काल्पनिक निवाडे सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. महाराष्ट्रातही असा प्रसंग घडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी आदेश रद्द ठरविला. आदेशात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नसल्याचे निदर्शनास आले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात यंत्राने दाखविलेल्या निष्कर्षांवर आंधळेपणाने विसंबता येणार नाही, त्यांची पडताळणी झाली पाहिजे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. अर्धन्यायिक स्वरूपाचे काम करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. आदेशाखाली सही माणसाची असते. जबाबदारीही त्याचीच राहते.

मेंढ्याच्या अभ्यासगटाचा धडा

मग हे साधन दूरच ठेवावे काय? तसे करण्याचे कारण नाही. या साधनाला कामात कोणते स्थान द्यावे, याचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यातच सापडते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावानेही २०१२ मध्ये असाच हक्क मिळविला.

मेंढ्याच्या यशामागे श्री. देवाजी तोफा व कै. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांबरोबरच एक पद्धत आहे. गावात अभ्यासगट निराळा आणि ग्रामसभा निराळी. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येतात, कायद्याची कलमे समजून घेतली जातात, शंका विचारल्या जातात, वाद होतात. परंतु तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने.

संवादी सहायकाचे स्थान या अभ्यासगटात आहे, ग्रामसभेत नाही. तो न कंटाळता उत्तरे देतो, दहादा विचारले तरी रागावत नाही, अवघड भाषा सोपी करून सांगतो. असा जाणकार एरव्ही खेड्यात सहजी मिळत नाही. त्याचे ऐकावे, त्याला उलट प्रश्न करावेत आणि मूळ कागद पाहून मगच ठराव किंवा आदेश लिहावा.

कोणते काम कोणाला

नेमका शासन निर्णय, अधिसूचना, अर्जाचा नमुना, अंतिम मुदत किंवा रक्कम हवी असेल, तर शोधयंत्राने संबंधित विभागाचे संकेतस्थळ गाठावे. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक निर्णयाच्या अखेरीस संगणक सांकेतांक छापलेला असतो. त्यावरून तो निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. सहायकाने एखाद्या निर्णयाचा हवाला दिला, तर त्याची तारीख व सांकेतांक विचारावा आणि संकेतस्थळावर तो सापडत नसल्यास हवाला निरुपयोगी समजावा. निर्णय सापडला, तरी नंतर त्यात दुरुस्ती झाली आहे काय, हेही पाहावे.

कागद हाती आल्यावर सहायकाचा खरा उपयोग सुरू होतो. दहा पानी निर्णय त्याच्यापुढे ठेवून ‘यातील पात्रतेच्या अटी सोप्या मराठीत क्रमाने सांगा व प्रत्येक अटीपुढे परिच्छेद क्रमांक द्या’ असे सांगितले, तर दोन तासांचे काम थोडक्या वेळात होते आणि परिच्छेद क्रमांकामुळे तपासणेही सुलभ जाते. सभेच्या सूचनेचा मसुदा, इतिवृत्ताची मांडणी, इंग्रजी पत्राचा मराठी आशय ही कामेही त्याला देता येतात. शिक्षकाला मोह, बांबू, तलाव अशा परिचित विषयांवर गणिताची उदाहरणे त्याच्याकडून करून घेता येतील. मात्र उदाहरण सोडवून पाहिल्यावाचून ते फळ्यावर लिहू नये.

प्रश्न विचारण्याचेही शास्त्र आहे. शोधयंत्राला दोन-तीन शब्द पुरतात. सहायकाला सगळा संदर्भ द्यावा लागतो. कोणता कायदा, कोणते राज्य, क्षेत्र अनुसूचित आहे की नाही आणि कोणत्या वर्षाची स्थिती हवी, हे प्रश्नातच सांगावे. ‘ग्रामसभेची गणपूर्ती किती?’ याऐवजी ‘वनहक्क नियमांतील २०१२ च्या दुरुस्तीनंतर दाव्यावर ठराव करणाऱ्या ग्रामसभेची गणपूर्ती किती व कोणत्या नियमानुसार?’ असे विचारावे. प्रश्न नेमका असेल, तर उत्तर चुकण्याचा संभव घटतो आणि चुकले तरी चूक लवकर सापडते.

शेतीविषयक प्रश्नांसाठी राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे मराठीतून संवाद साधणारे ॲप सुरू केले आहे. ठरावीक विषयापुरत्या अशा साधनांचा उपयोग पंचायत सदस्यांनी अवश्य करून पाहावा.

भाषा व गोपनीयता

सहायकाचे इंग्रजी जितके पक्के, तितके मराठी नाही. कारण इंटरनेटवर मराठी मजकूर तुलनेने थोडा आहे. अनेक जुने शासकीय कागद नुसत्या छायाचित्राच्या रूपात असल्याने यंत्राला ते नीट वाचताही येत नाहीत. गोंडी व माडिया बोलणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन प्राथमिक स्वरूपात खुले केले असून त्यात गोंडीचा समावेश आहे. हा आरंभ स्वागतार्ह होय. तथापि गोंडी मुलखामुलखांत बदलते. भामरागडच्या माणसाला लसीकरणाची किंवा दाव्याची बाब समजावून देताना यंत्राचे भाषांतर गावातील जाणत्या माणसाकडून तपासून घेणेच इष्ट.

गोपनीयतेबाबत अधिक दक्षता हवी. सहायकाला दिलेला मजकूर दूरच्या संगणकांवर जातो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधने न वापरण्याची सूचना दिली, ती याच कारणाने. दावेदारांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती, रुग्णांची माहिती, विद्यार्थ्यांच्या नोंदी किंवा सुरक्षाविषयक पत्रव्यवहार सहायकापुढे ठेवू नये. प्रश्न नियमाविषयी विचारावा, व्यक्तीविषयी नाही. आपल्या विभागाच्या सूचना काय आहेत, हेही प्रथम जाणून घ्यावे.

एक साधी नोंदवही

ज्या गावांत मोबाईलला अजून धड संकेत मिळत नाही, तेथे दोन्ही साधने वेळेवर दगा देऊ शकतात. यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने एक नोंदवही ठेवणे हितावह ठरेल. विचारलेला प्रश्न, मिळालेले उत्तर, ज्या नियमावर किंवा निर्णयावर ते पडताळले त्याची तारीख आणि पडताळणाऱ्याचे नाव, असे चार रकाने पुरेत. वर्षभरात या वहीत गावाच्या नेहमीच्या प्रश्नांची खात्रीची उत्तरे जमा होतील. पावसाळ्यात संपर्क तुटला, तरी ती हाताशी राहतील. नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्याला, शिक्षकाला वा सरपंचाला तीच मार्गदर्शक ठरतील. नियमात दुरुस्ती झाली की जुनी नोंद खोडून नवी तारीख घालण्याचे काम तेवढे न चुकता झाले पाहिजे.