सोंगाड्याची जीभ, मावशीचं उत्तर

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला तापीकाठी भरते. घोड्यांच्या बाजारामुळे ती देशभर माहीत झाली, पण खानदेशातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी तिथं तमाशाही पाहिला आहे. दसऱ्याला बाहेर पडलेले तमाशाचे फड बुद्धपौर्णिमेपर्यंत यात्रा-जत्रांतून फिरतात. ढोलकी तापली की गण होतो, मग गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दूध-लोण्याची चौकशी सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला कनातीतल्या शेवटच्या माणसालाही कळतं की आता बोलणं दुधाचं राहिलेलं नाही. अशा वेळी मावशी पुढे येते. लुगडं नेसलेला हा पुरुष नट प्रत्यक्ष कृष्णालाही सोडत नाही. पेंद्यानं एक टाकली की मावशी दोन परत करते. माझ्या मते चावट विनोदाचा जीव या परतफेडीत आहे.

दादा कोंडके यांनी हा ऐवज पडद्यावर नेला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधल्या त्यांच्या हवालदारानं मराठी मुलूख हसवला होता. १९७१ साली ‘सोंगाड्या’ आला. तमाशाच्या नादी लागला म्हणून आई ज्याला घराबाहेर काढते, तो नाम्या त्यांनी अगदी भाबडा ठेवला. नाडी लोंबणारी चड्डी, चेहऱ्यावर लहान मुलाचं नवल. तो बोलतो सरळ, वाकडं ऐकतो तो प्रेक्षक. दादांचा युक्तिवादही हाच होता: शब्द स्वच्छ आहेत, घाण ऐकणाऱ्याच्या मनात. ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) उषा चव्हाणची पारू केळेवाली आहे. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात त्यातली गंमत कुणाला समजावून सांगावी लागली नसेल. दादांच्या सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाची गिनेस बुकात नोंद झाली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘कॅरी ऑन’ मालिका जोरात होती. निर्माते पीटर रॉजर्स आणि दिग्दर्शक जेरल्ड थॉमस यांनी १९५८ ते १९७८ या काळात तीस चित्रपट काढले. त्यांचं मूळही रंगमंचावर, तिथल्या म्युझिक हॉलमध्ये, आणि समुद्रकिनारी विकल्या जाणाऱ्या चावट पोस्टकार्डांत होतं. इस्पितळातल्या चित्रपटांत हॅटी जॅक्सची मेट्रन वॉर्डात शिरली की पुरुष रुग्ण पांघरुणात दडतात. ती त्यांची मावशीच. पण ‘अप द खैबर’मध्ये (१९६८) वेल्सचे डोंगर सरहद्द प्रांत म्हणून दाखवले आणि इंग्रज नटच चेहऱ्याला रंग लावून हिंदुस्थानी संस्थानिक झाले. ते पाहताना मला हसू येत नाही. शेवटाकडे, १९७८च्या ‘इमॅन्युएल’पर्यंत, सूचकता संपली आणि उघडं दाखवणं तेवढं उरलं.

दादांच्या बाबतीतही असाच उतार लागला. ‘सोंगाड्या’तली कलावती स्वतःच्या फडाची बाई आहे, तिला मान आहे. पुढे पुढे चित्रपटाचं नाव हाच मोठा विनोद ठरू लागला, कॅमेरा नायिकेच्या अंगावर रेंगाळू लागला आणि तिच्या वाट्याचे टोले आटले. कनातीत बाईची थट्टा करणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर मिळायचं. पडद्यावर ते लिहिलं नाही तर मिळतच नाही. मला हा दोष अश्लीलतेपेक्षा मोठा वाटतो.

अश्लीलतेचा शिक्का मात्र फडावरच बसला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. ती उठली, पण संहिता तपासण्याची अट राहिली. रात्री शिट्ट्या मारणारे सकाळी नाचणारीलाच नावं ठेवत, आणि ती बहुतेकदा कोल्हाटी, महार, मांग समाजातली असे. या विनोदाचं कौतुक करताना त्याची किंमत कुणी मोजली, हे मला विसरता येत नाही.

आता खानदेशातला अहिराणी विनोद मोबाइलवर पाहिला जातो. ‘काय करी ऱ्हायना भाऊ?’ म्हणत दोन माणसं समोरासमोर येतात आणि तमाशातल्या बतावणीचीच, सवाल-जबाबाची चाल सुरू होते. त्यात जिथं बायको नवऱ्याला चारचौघांत निरुत्तर करते, ते तुकडे मी पुन्हा लावून पाहतो. जिथं ती नुसती उभी असते, ते पुढे ढकलतो.